कुंडीतला सडा : सातारा-सांगलीच्या हवेत दवबिंदू वाढवताना

ऑगस्ट-सप्टेंबरात कास पठारावर सगळ्यांच्या नजरा फुलांच्या गालिच्यांवर असतात. त्याच पठारावर जांभ्याचा कातळ उघडा पडलेला असतो, वर जेमतेम बोटभर माती आणि सतत झिरपणारं पाणी. अशा कातळी माळाला सडा म्हणतात. तिथे वाकून पाहिलं तर रुपयाच्या नाण्याएवढे लालसर चट्टे दिसतात. प्रत्येक चट्टा म्हणजे एक झाड. पानांवर लाल केस आणि दर केसाच्या टोकाला चिकट थेंब. हा दवबिंदू, चिकट थेंबांवर किडे धरून खाणारी वनस्पती, ड्रॉसेरा बर्मानी. गवतात उभा वाढणारा, दोऱ्यासारख्या पानांचा तो गवती दवबिंदू, ड्रॉसेरा इंडिका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कासवरून, ठोसेघर-चाळकेवाडीच्या सड्यांवरून किंवा इतर कुठल्याही पठारावरून यातलं एकही झाड उपटायचं नाही, बीही गोळा करायचं नाही. कास राखीव वनात आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. शिवाय उपटून फायदाही काही होत नाही. बर्मानीची मुळं केसासारखी असतात, ती तुटली की झाड चार-सहा दिवसांत काळं पडतं. घरी वाढवलेल्या झाडांचं बी हौशी लोकांकडे मिळतं, तेच घ्या.

हे झाड किडे का धरतं ते समजून घेतलं की पुढची बरीच रीत आपोआप कळते. सड्यावरची माती दर पावसाळ्यात धुऊन निघते, तिच्यात नत्र जवळजवळ उरत नाही. म्हणून नत्र मिळवायचं काम पानांनी उचललं आणि मुळांकडे मुख्यतः पाणी ओढणं राहिलं. या मुळांना क्षार आणि खत सोसत नाहीत. जास्वंदीला जे मानवतं ते याला मारतं : शेणखत, गांडूळखत, लाल माती, नळाचं पाणी. आपल्याला कुंडीत बाग नाही, सडा तयार करायचा आहे.

पाणी

झाडं मरतात ती बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि तीही हळूहळू. म्हणून कारण पटकन लक्षात येत नाही. पहिले दोन महिने सगळं छान असतं, मग थेंब कमी होतात, पानांची टोकं तपकिरी होतात, मध्यातून येणारं नवं पान आधीच्यापेक्षा लहान निघतं. तोवर कुंडीत क्षार साठलेले असतात.

टीडीएस मीटर आधी घ्या, झाड नंतर. पेनाएवढं हे यंत्र पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. आपल्याला ५० च्या आतलं पाणी हवं. पावसाचं पाणी बहुधा २० च्या आत असतं. सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच बोअरचं आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या विहिरींचं पाणी ५०० च्या पुढे सहज जातं. पाणी उकळून सगळे क्षार जात नाहीत, उलट वाफ गेल्याने राहिलेले क्षार दाट होतात. तुरटीने गाळ बसतो, क्षार तसेच राहतात.

घरच्या आरओचं पाणी चालेल का, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. अनेक यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, काहींत मिनरलची कांडी असते. अशा नळाला ८०-१५० आकडा येतो. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) थेट निघणाऱ्या नळीचं पाणी काढून द्यायला सांगा आणि ते मोजा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही चालतं, फक्त आतली कॉइल रसायनाने धुतली असेल तर पुढचे काही दिवस ते घेऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी दुकानातून आणलंत तर तेही मोजूनच वापरा.

सातारा, मेढा, पाटण भागात राहणाऱ्यांनी खरं तर दुसरं काही शोधू नये. गच्चीवर २ मीटर बाय २ मीटर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा, मध्ये खोलगट भाग ठेवून खाली पिंप लावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं, म्हणजे ५० मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात या कागदावर २०० लिटर. हंगामातले पहिले एक-दोन पाऊस वाहू द्या, त्यात धूळ आणि परागकण असतात. नव्या पत्र्यावरून येणारं पाणी टाळा, त्यात जस्त उतरतं.

किती साठवायचं याचा हिशोबही करून ठेवा. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमधून एप्रिल-मेमध्ये दिवसाला सुमारे १ लिटर पाणी उडून जातं, थंडीत त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. नोव्हेंबर ते जून मध्यापर्यंत एका ट्रेला साधारण १५० लिटर धरा. पाणी झाकणाच्या गडद कॅनमध्ये, सावलीत ठेवा. उजेड लागला तर शेवाळ धरतं आणि तोंड उघडं राहिलं तर डास होतात.

कुंडी भरताना

मुख्य घटक पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेल्या जुन्या मॉसचा भुसा. नर्सरीत पीट मागितलं की बहुतेक ठिकाणी कोकोपीट हातात देतात. नारळाच्या काथ्याच्या त्या भुश्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते पाच-सहा वेळा धुवूनही पूर्ण जातील याची खात्री नसते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पीट मॉसच्या पिशवीवरचा मजकूरही वाचा. खत घातलेलं किंवा चुना घालून सामू (पीएच) ५.५ ते ६.५ केलेलं पीट रोपवाटिकांसाठी असतं. आपल्याला काहीही न मिसळलेलं, सामू ३.५ ते ४.५ असलेलं हवं. शंका आली तर १ वाटी पीट ३ वाट्या पावसाच्या पाण्यात तासभर भिजवा, फडक्याने गाळा आणि मीटर लावा. आकडा १०० च्या वर गेला तर ते पीट गुलाबांना द्या.

दुसरा घटक परलाइट (खडक तापवून फुलवलेले हलके पांढरे दाणे) किंवा सिलिका वाळू. सिलिका वाळू पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत भरतात, त्या सामानाच्या दुकानात १ ते २ मिलिमीटर दाण्याची मिळते. बांधकामाची काळी वाळू नको. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात. चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओतून पाहा, बुडबुडे उठले तर चुना आहे.

१० सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत साधारण अर्धा लिटर मिश्रण मावतं. केपेन्सिस आणि स्पॅथुलाटा या नवशिक्यांना सोप्या परदेशी दवबिंदूंना ३०० मिलिलिटर पीट आणि २०० मिलिलिटर परलाइट. बर्मानी आणि इंडिका यांना पीट आणि सिलिका वाळू निम्मी-निम्मी. मातीची कुंडी वापरू नका, तिच्यातून क्षार उतरतात आणि तिच्या भिंतीवर साठतातही. परलाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीत जाऊ नये.

कोरडं पीट पाणी घेतच नाही, वर तरंगतं. गरम पावसाच्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, मग हाताने मळा. मूठ दाबल्यावर चार-दोन थेंब गळावेत, इतपत ओलं झालं की भरा. दाबून ठासू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की पुरे.

भरलेली कुंडी ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेमध्ये १ ते २ सेंटिमीटर पाणी कायम राहू द्या. पाणी वरून घालायचं नाही. अपवाद दोन महिन्यांतून एकदा : तेव्हा कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं पावसाचं पाणी वरून हळूहळू सोडायचं, म्हणजे साठलेले क्षार खालून वाहून जातात. हे ट्रेमधलं पाणी फेकून द्यायचं. दर वर्षी-दीड वर्षाने मिश्रण बदला.

ऊन आणि उन्हाळा

काचेच्या बरणीत ठेवलेले दवबिंदू फोटोत सुंदर दिसतात. आपल्याकडच्या उन्हात अशी बंद बरणी तासाभरात भट्टी होते. या झाडांना भरपूर उजेड आणि खेळती हवा लागते. सकाळचं ४ ते ५ तास थेट ऊन आणि नंतर सावली, अशी पूर्वेची गॅलरी उत्तम. उजेड पुरेसा असेल तर केस लालभडक होतात. पानं हिरवी, लांबट आणि लोळलेली असतील तर उजेड कमी पडतोय.

साताऱ्यात मेही बऱ्यापैकी निभावतो. सांगलीत मार्चअखेरीपासून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि ट्रेमधलं पाणी २ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. पारा ४० कडे गेला की ट्रेमधलं पाणीही तापतं. ट्रे पांढरा घ्या आणि फरशीवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. कडक उन्हाळ्यात थेंब आटले तरी मधला कोंब हिरवा असेपर्यंत घाबरू नका. केपेन्सिस वरून जळून गेला तरी मुळांतून पुन्हा फुटतो, कुंडी फेकण्याआधी दोन महिने ओली ठेवून वाट पाहा.

पावसाळ्यात त्रास उलटा. मुसळधार सरी थेंब धुऊन नेतात, ते दोन-तीन दिवसांत परत येतात, पण रोपांवर माती उडते आणि लहान रोपं उपटली जातात. वर पारदर्शक फायबरचा पत्रा असू द्या, बाजू मोकळ्या. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब पानांपासून २० ते २५ सेंटिमीटरवर, दिवसाचे १४ तास लावली तर रंग टिकतो.

बी

दवबिंदूचं बी काळ्या धुळीसारखं असतं. हातात घेतलं तर रेषांमध्ये अडकून बसतं, शिंक आली तर सगळं गेलं. एक पांढरा कागद मधोमध दुमडा, घडीत बी ओता, कागद कुंडीवर तिरका धरा आणि मागून टिचकी मारत राहा. दर टिचकीला दोन-तीन दाणे पडतात. एका कुंडीत २० ते ३० दाणे पुरे. वरून माती टाकायची नाही, दाबायचं नाही. या बियांना रुजायला उजेड लागतो. कुंडीच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणा, दोन-चार भोकं पाडा आणि सावलीतल्या चांगल्या उजेडात ठेवा.

केपेन्सिस, स्पॅथुलाटा आणि बर्मानी २ ते ६ आठवड्यांत उगवतात. पहिली पानं टाचणीच्या डोक्याएवढी, पण त्यांनाही थेंब असतो. भिंगातून तो दिसला की समजा, जमलं. मग आठवडाभरात प्लॅस्टिक थोडं थोडं उघडत काढून टाका. बर्मानीची रोपं २ सेंटिमीटरवर विरळ करायची असतील तर ती अगदी लहान असतानाच, खालच्या मातीच्या गोळ्यासकट चमच्याने उचला.

इंडिकाची तऱ्हा वेगळी. तो सड्यावर उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या मातीत बी होऊन पडलेला असतो आणि पाऊस आल्यावर उगवतो. कुंडीतही तेच करा. मार्च-एप्रिलमध्ये बी पेरून कुंडी कोरडी, गरम जागी ठेवा आणि जूनच्या सुरुवातीला ट्रेमध्ये पाणी भरा. त्याला जागा बदललेली अजिबात चालत नाही, म्हणून जिथे वाढवायचा त्याच कुंडीत पेरा. उंच वाढून आडवा झाला तर काडीचा आधार द्या.

बर्मानी आणि इंडिका वर्षभरातच आयुष्य संपवतात. फुलून, बी धरून झाड वाळलं तर चूक तुमची नाही. दोघांचीही फुलं स्वतःच्याच परागांनी बी धरतात. दांडा तपकिरी होऊन बोंडं उकलायला लागली की खाली घडीचा कागद धरून दांडा कापा. बी आठवडाभर सावलीत कागदावर सुकवा, बटर पेपरच्या पाकिटात घाला, पाकिटं सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नको.

केपेन्सिस, स्पॅथुलाटा, अ‍ॅडेली यांना बियांची वाट पाहावी लागत नाही. निरोगी पान देठासकट ओढून काढा आणि झाकणाच्या पारदर्शक डबीत ३ सेंटिमीटर शुद्ध पाण्यात तरंगत ठेवा. उजेड हवा, थेट ऊन नको. ३ ते ८ आठवड्यांत पानावरच छोटी रोपं फुटतात, मुळं दिसली की कुंडीत लावा. पाणी हिरवं झालं तर बदला. केपेन्सिसच्या जाड काळ्या मुळाचे २-३ सेंटिमीटरचे तुकडे मातीत आडवे पुरले तरी फुटतात.

खाणं

झाड बाहेर असेल तर चिलटं आणि बारीक माश्या त्याला आपोआप मिळतात. घरात असेल तर माशांच्या खाद्याची गोळी चुरा, पाण्याच्या थेंबाने ओली करा आणि खसखशीएवढा कण टूथपिकने एक-दोन पानांवर ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. जास्त घातलं की पानावर बुरशी येते आणि ते पान सडतं. रोपं लहान असताना हे केलं तर वाढीत मोठा फरक पडतो.

बर्मानीच्या पानावर कण ठेवल्यावर हात मागे घेऊन भिंग धरा. कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात, दवबिंदूंमध्ये एवढी चपळाई फार थोड्या जातींत आहे. केपेन्सिसचं पान मात्र तास-दोन तास घेत अख्खं गुंडाळतं.

मटण, साखरपाणी, द्रव खत यातलं काही नको. चार्ल्स डार्विनने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की नत्र असलेल्या पदार्थांना ही पानं वळून दाद देतात, साखर, गोंद आणि स्टार्चला देत नाहीत. साखरेने फक्त मुंग्या येतात.

काय बिघडतं

नवं झाड कुरियरने आलं की पानं थेंबाशिवाय कोरडी असतात. तळ कापलेली पाण्याची बाटली त्यावर उपडी घाला, टोपण आठ दिवस बंद आणि मग उघडं ठेवा. जुनी पानं वाळतील, निकाल नव्या पानावरून लावायचा.

मधला कोंब वाकडा, चुरगळलेला निघतोय? भिंगाने पाहा, मावा असेल. चिकट पानांच्या झाडाला मावा कसा, असं वाटतं, पण तो थेंब नसलेल्या कोवळ्या कोंबात बसतो. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल फवारू नका, पानांचे केस जळतात. कुंडीवर एक दगड ठेवून ती आख्खी पावसाच्या पाण्यात २४ ते ४८ तास बुडवा. मावा गुदमरतो, झाडाला काही होत नाही. आठवड्याने पुन्हा एकदा बुडवा, कारण एखाद-दुसरा राहतोच.

मातीवर पांढरी पापडी म्हणजे क्षार : वरून धुवा, नाहीतर मिश्रण बदला. हिरवी गुळगुळीत साय म्हणजे शेवाळ. मोठ्या झाडाला तिने फरक पडत नाही, रोपं मात्र तिच्याखाली दबतात, तेव्हा ट्रेमधलं पाणी थोडं कमी करा आणि हवा खेळू द्या. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत कुंडी साफ करतात, रात्री टॉर्च घेऊन वेचण्याला पर्याय नाही.

दुर्मीळ जाती आणि संग्रह

ड्रॉसेराच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि फोटो पाहून यादी करायला बसलं की सगळ्या हव्याशा वाटतात. यादी आपल्या हवेवरून करा. केपेन्सिस आणि स्पॅथुलाटा एक वर्ष नीट सांभाळता आले की पुढे जा.

सांगलीकरांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पेटिओलॅरिस गटाकडे पाहावं. पॅराडॉक्सा, ऑर्डेन्सिस, फाल्कोनेरी या जातींना ३५ अंशांची गरमी मानवते आणि त्या हौशींकडेही कमीच दिसतात. १ भाग पीट, २ भाग सिलिका वाळू आणि भरपूर ऊन द्या. यांचा शत्रू आपला डिसेंबर. रात्रीचा पारा १८ च्या खाली जायला लागला की घरात, दिव्याखाली घ्या. थंडीत किंवा कोरड्या दिवसांत झाड आक्रसून पांढऱ्या केसांचा गड्डा होतो, तेव्हा पाणी कमी करा, बंद करू नका.

सातारकरांना बुटके दवबिंदू जमू शकतात : पुल्चेला, स्कॉर्पिऑइडेस. दिवस लहान झाले की यांच्या मध्यभागी जेमी येतात, म्हणजे बियांसारखे दिसणारे बारीक कोंब. ओल्या टूथपिकने उचलून लगेच ताज्या मिश्रणावर ठेवा. ते बियांसारखे फार दिवस साठवता येत नाहीत. क्वीन्सलंडच्या अ‍ॅडेलीला ऊन नको, सावली आणि दमट हवा हवी. थंड देशांतल्या रोटुंडिफोलियाला हिवाळ्यात ३-४ महिने कडक थंडीची झोप लागते, ती आपल्याकडे मिळत नाही. तिच्यावर पैसे घालू नका.

परदेशातून झाड किंवा बी मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. 'गिफ्ट' लिहून पाकिटातून येणारं बी त्यात बसत नाही. देशातच वाढवलेलं साहित्य घ्या आणि विक्रेत्याला विचारा, झाड बियांपासून केलंय की कुठून उचललंय. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

केपेन्सिस आणि स्पॅथुलाटा बी उधळतात आणि शेजारच्या कुंडीतल्या दुर्मीळ जातीत उगवून बसतात. बी नको असेल तर फुलाचा दांडा वर येतानाच कापा. आणि यांचं बी किंवा कुंडीतली जुनी माती कुठल्याही सड्यावर, ओढ्याकाठी टाकू नका. न्यूझीलंडमध्ये केपेन्सिस तण म्हणून नोंदवलेला आहे, कासवर त्याला जागा मिळता कामा नये. जुनी माती उकळतं पाणी ओतून मगच फेका.

संग्रहाचा कणा म्हणजे फ्रिजमधली ती डबी. कुंडी एका मेमध्ये जाऊ शकते, पाकिटातलं बी नीट सुकवलेलं असेल तर काही वर्षं टिकतं. प्रत्येक कुंडीत पेन्सिलने लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी खोचा, शाई उन्हात उडते. पट्टीवर आणि पाकिटावर जातीचं पूर्ण नाव, कुणाकडून आलं, कधी पेरलं किंवा कधी काढलं एवढं लिहा. नाव नक्की नसेल तर तसंच लिहा, अंदाजाने ठोकलेलं नाव पुढे दहा जणांकडे जातं. दर जातीचं बी दोन पाकिटांत भागून एक पाकीट दुसऱ्या एखाद्या हौशी घरात ठेवायला द्या, आणि दर जूनमध्ये सगळ्यात जुन्या पाकिटातलं बी आधी पेरा.